पाचारण, चुलीकडून

‘पाचारण’ हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जाई. बाकीच्या मराठी जगात तो फक्त वर्तमानपत्रात उरलाय, आणि तोही कुठे आग लागली किंवा दंगल झाली तरच, हे मला फार उशिरा कळलं. वर्ध्याला पाचवीत असताना मी वर्गात अभिमानानं सांगितलं, की माझ्या आबाजींना छत्तीस सालच्या हिवाळ्यात पाचारण झालं होतं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “पोलिसात होते का गं?”

पोलिसात नव्हते. उपदेशक होते.

उपदेशक म्हणजे पाळक नव्हे. मंडळीबाहेरच्या माणसाला हा फरक सांगावा लागतो. पाळकाला दीक्षा मिळालेली असते. तो बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजनाची भाकर मोडतो, लग्नं लावतो, नावाआधी रेव्हरंड लिहितो. उपदेशक चालतो. सकाळी एका गावाला, दुपारी दुसऱ्या, बाजाराच्या दिवशी बाजारात. खांद्याला पुस्तकांची थैली, पैशाला एक शुभवर्तमान. आबाजींच्या वहाणा इतक्या लवकर झिजत, की आजी म्हणायची, “देवाचा आवाज त्यायले आला, अन् मोच्याचे पैसे मले द्या लागले.”

आबाजींनी पाचारणाची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. पहिलं वाक्य ठरलेलं. “मी तवा जिनात होतो.” कापसाचे दिवस. देवळीकडून कापूस भरलेली बंडी घेऊन ते रात्रीचे वर्ध्याला येत होते. वर चांदणं, खाली मऊ कापूस, बैलांना रस्ता पाठ. कासरा हातात ठेवूनच डोळा लागलेला. तेवढ्यात कोणी नावानं हाक मारली. त्यांना वाटलं मागच्या बंडीवाला असेल. मागं बंडीच नव्हती. पुन्हा हाक आली तेव्हा वाटलं, घरून कोणी शोधायला आलं. तिसऱ्या हाकेला बैल थांबले.

इथं आबाजीही थांबत. मग खालच्या आवाजात म्हणत, “बैलायले बी ऐकू आली होती.”

“नाला आला होता,” आजी स्वयंपाकघरातून म्हणे. “बैल थांबनार नाई तर काय.”

आजीची गोष्ट वेगळी होती. ती तिनं कधी बैठक मारून सांगितली नाही. भाकरी थापता थापता, तुरी निवडता निवडता, तुकड्या-तुकड्यानं ती माझ्या हाती आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे बंडीची रात्र आणि पाचारण यांच्यात दोन महिन्यांचं अंतर होतं, आणि त्या दोन महिन्यांत आबाजींनी कोणाला एक शब्दही सांगितला नव्हता. जिनातलं काम सुटलं की ते मंडळीतल्या उपदेशकाबरोबर बाजाराला जात. काम काय, तर कंदील धरायचा. उपदेशकाला मास्तर म्हणत. बाजार उठायच्या वेळी, दिवेलागणीला मास्तर एका खोक्यावर उभे राहत, एक जण डफ वाजवी, लोक जमत, आणि पुस्तकातलं वाचून दाखवायच्या वेळी आबाजी कंदील वर धरत. उजवा हात दुखला की डावा.

एका संध्याकाळी मास्तरांना हुडहुडी भरली. हिवतापच तो. खोक्यावर चढले, दोन ओळी बोलले आणि खाली बसले. लोक जमलेले. डफवाला म्हणाला, “आता?” मास्तर दात वाजवत आबाजींना म्हणाले, “तू बोल. रोज ऐकतं ना?”

“बोलले,” आजी म्हणे. “काय बोलले त्यायचं त्यायले ठाव. घरी आले त हात थरथरत होते. कंदील कोनाले देला म्हणून इचारलं, त म्हणे खाली ठेवला. लोक अंधारात ऐकत होते म्हणे.” दुसऱ्या दिवशी आबाजींनी बंडीच्या रात्रीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. पुढच्या महिन्यात जिन सोडलं. पगार तीन रुपयांनी कमी झाला. हा आकडा आजीला मरेपर्यंत पाठ होता.

मी बरीच वर्षं यातली खरी गोष्ट कोणती ते ठरवत बसले. आमच्या संडे स्कूलमध्ये बाळ शमुवेलाची गोष्ट दर वर्षी होई. मंदिरात झोपलेल्या पोराला देव रात्री हाक मारतो, आणि पोर दर वेळी धावत जातं ते म्हाताऱ्या एली याजकाकडे. मला बोलावलंत? एली म्हणतो, नाही, झोप. तिसऱ्यांदा एलीच्या लक्षात येतं, की हाक मारणारा दुसराच आहे. आमच्या बाई ही गोष्ट शमुवेलाची म्हणून शिकवत. आजीचं लक्ष एलीकडे. म्हातारा, डोळ्यानं अधू, झोपमोड झालेली, आणि तरी पोराला काय म्हणायचं ते त्यालाच सुचलं. “थो नसता त पोट्टं रातभर इकडून तिकडं धावत राह्यलं असतं,” ती म्हणे. तिच्या हिशोबात हिवतापानं कुडकुडणारे मास्तर म्हणजे एली.

आबाजींच्या वडिलांना कोणी हाक मारली नव्हती. त्यांना उचललं होतं.

१८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ मध्य प्रांतानं सोसले. त्या पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याकडून मध्य प्रांतात आल्या होत्या आणि उपासमारीतल्या मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. मुली वाचवण्याचं असंच काम निरनिराळ्या मिशनांनी ठिकठिकाणी केलं, मुलांचंही केलं. आमचे पणजोबा दुसऱ्या दुष्काळातले. वय पाच-सहा. रस्त्याच्या कडेला सापडले, मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. गाव सांगता येत नव्हतं, जात सांगता येत नव्हती, आईनं ठेवलेलं नावसुद्धा तापात पुसून गेलेलं. आश्रमानं जे नाव दिलं तेच आमचं घराणं. पुढे शेजारीपाजारी भांडणात “भाकरीसाठी बाटलेले” म्हणत, तेव्हा पणजोबा शांतपणे म्हणत, “हो, भाकरीसाठीच. भूक लागली होती.” या उत्तरापुढे भांडण टिकत नसे.

मुलानं जिन सोडून उपदेशक व्हायचं ठरवलं तेव्हा ते खूश झाले असतील असं कोणालाही वाटेल. ते नाराज होते. म्हणाले, “आपल्याले मिशननं जगवलं. आता मिशनच्या पगारावर देवाचं नाव घेशीन, त लोक म्हनतीन हेही भाकरीसाठीच.” आबाजींना हे शेवटपर्यंत बोचत राहिलं. पाचारणाच्या गोष्टीत म्हणूनच बैल साक्षीला लागत असावेत.

सुट्टीत आबाजी मला एसटीनं नागपूरला नेत. पवनारला धाम नदी, मग सेलू, मग केळझर. केळझरचा गणपती मोठा, आणि तिथली माणसं हीच महाभारतातली एकचक्रा नगरी, इथंच भीमानं बकासुर मारला असं सांगतात. आबाजींना ती गोष्ट फार आवडे. मूर्तीसमोर हात जोडत नसत, पण बकासुराला गाडाभर अन्न कसं जाई ते रंगवून सांगत. सेलडोह गेलं आणि बुटीबोरी आली, की ते टोपी काढून मांडीवर ठेवत.

“इथं हिस्लॉप साहेब बुडाले.”

स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक, माणूस कोणाला ठाऊक नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला, पुढल्या वर्षी शाळा काढली. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. गोंडांची लिंगोची गाणी त्यानं ऐकून उतरवून घेतली. दगड फोडून जीवाश्म गोळा केले. त्याच्या नावानं एक खनिजही ओळखलं जाऊ लागलं. देवाची हाक ऐकून आलेला माणूस दगड का फोडतो, हे मी आबाजींना विचारलं होतं. ते म्हणाले, “दगड कोनं केले?” मला तेव्हा ते उत्तर पटलं. आताही बऱ्यापैकी पटतं.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा तळ बोरीला पडला होता. टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं आहेत, जमिनीत अर्धवट रुतलेले दगड गोल मांडलेले. ती पाहायला हिस्लॉप गेला. मग तिथली शाळा तपासायला मागं राहिला, आणि अंधारात एकटाच घोड्यावरून परत निघाला. पावसाळ्याचे दिवस. ओढा चढलेला. तळावर घोडा आला तो रिकामा. चार दिवसांनी हिस्लॉपला सेहेचाळीसावं वर्ष पुरं झालं असतं. वर्धा शहर तेव्हा जन्मलंही नव्हतं. जिल्हा वर्षभरापूर्वी, १८६२ साली, वेगळा निघाला होता, आणि पालकवाडीच्या जागेवर शहर वसलं ते १८६६ मध्ये.

मी ही गोष्ट घरी येऊन आजीला सांगितली तर ती म्हणाली, “अन् त्याची बायको?” आबाजींनी कधी बायकोचं सांगितलंच नव्हतं. तिलाही लेकरं होती, निरोप तिलाही गेला असेल. आजीच्या या प्रश्नानं मला जे दाखवलं ते पुढं मी एका पुस्तकात सविस्तर वाचलं. पाचारण होतं एकाला, दार उघडायला उठावं लागतं दुसऱ्याला.

ते पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. मराठीत ख्रिस्ती पाचारणाची सगळ्यात मोठी गोष्ट रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, आणि तिचा धागा विदर्भातून जातो. कोकणातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. पुढं ते नागपूरला आले, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करू लागले. बुटीबोरीतलं ‘बुटी’ हे त्याच घराण्याचं, असं आबाजी सांगत. १८९३ मध्ये टिळक नोकरीसाठी आगगाडीनं नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या, कवितेच्या, धर्माच्या. उतरताना त्यानं नव्या कराराची प्रत दिली आणि भाकीत केलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. नाव-गाव विचारायचं राहून गेलं. तो फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, हे पुष्कळ नंतर उघड झालं. आमच्या नदीपलीकडचं यवतमाळ हे त्या मिशनचं मोठं ठाणं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्यानं दिलेल्या मुदतीत.

ही झाली बंडीवरची गोष्ट. चुलीकडची गोष्ट टिळकांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी हसत होते आणि मध्येच पान मिटून बसत होते. हातातला पैसा भेटेल त्याला देऊन मोकळ्या हातानं घरी येणारा नवरा, न सांगता निघून जाणारा, आणि एके दिवशी धर्मच बदलून बसणारा. पदरात दत्तू. नातेवाइकांची तोंडं दहा दिशांना. सोवळ्यात वाढलेली बाई, जिला पाणी कोणाच्या हातचं प्यायचं हाच मोठा प्रश्न. पाच वर्षं ती आपल्या चालीनं चालली. नवऱ्याकडे परत आली, तरी त्याच्या धर्मात लगेच आली नाही. १९०० साली राहुरीला तिनं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचा विचार करून. टिळक अपुरं ‘ख्रिस्तायन’ ठेवून १९१९ मध्ये गेले, आणि ते महाकाव्य पुरं केलं ते या बाईनं, जिला लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्यानंच शिकवलं होतं. टिळकांची भक्तिगीतं आमच्या ‘उपासना संगीता’त आहेत, दर रविवारी गातो आम्ही. पण हाक ऐकू आलेल्या माणसाबरोबर राहणं म्हणजे काय, हे मराठीत कोणी लिहिलं असेल तर ते हाक न आलेल्या माणसानं.

आजीचं माहेर नागपूर. १९३३ मध्ये तिथं मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, लक्ष्मीबाई अध्यक्ष होत्या. आजी सतरा वर्षांची, आईबरोबर गेली होती. पार मागं जागा मिळाली. काय आठवतं म्हणून मी तिला खोदून खोदून विचारलं. “पदर दिसला,” ती म्हणाली. “अन् मानसं हासत होते. बाई बोलते अन् मानसं हासतात, असं मी पयलेच पाह्यलं.” टिंगलीनं हसत होते का? “नाई बाप्पा. मजेनं.” एवढंच. तीन वर्षांनी तिच्या स्वतःच्या घरात पाचारण आलं तेव्हा तिला हा पदर आठवला असेल का, हे विचारायचं राहून गेलं.

आबाजींनी उपदेश सुरू केला तो काळ वर्ध्यात मोठा अवघड होता. १९३४ पासून गांधीजी मगनवाडीत, आणि ३० एप्रिल १९३६ ला ते शेगावला राहायला गेले. सेवाग्राम हे नाव १९४० चं. गांधीजी शेगावला जाण्याआधीच्या ऑक्टोबरात, १९३५ ला, येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलेलं. सगळ्या धर्मांची माणसं दलित वस्त्यांकडे पाहू लागली होती. गांधीजींना हे मुळीच पसंत नव्हतं. १९३६ च्या नोव्हेंबरात जगभरच्या मिशनरी चळवळीतले मोठे नेते जॉन मॉट शेगावला आले, तेव्हा बोलणं झालं ते यावरच. सेवा करा, पण सेवेच्या मोबदल्यात माणसं मागू नका, असा गांधीजींचा रोख. गुलाबाला आपल्या सुगंधाचा प्रचार करावा लागत नाही, हा त्यांचा आवडता दाखला.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आमचे आबाजी त्याच तालुक्यात खोक्यावर उभे राहिले.

खादीवाली पोरं बाजारात अडवत. “काऊन बाटवता गरिबायले?” आबाजी वाद घालत नसत. पण एक दिवस ते चालत शेगावला गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागं उभे राहिले, तिथं ख्रिस्ती गीतही झालं म्हणे, आणि अंधार पडल्यावर परत आले. गांधीजींशी बोलले नाहीत. घरी आल्यावर फक्त एक वाक्य बोलले, आणि ते आमच्या घरात म्हणीसारखं राहिलं: “गुलाबाले बोलता येत नाई म्हणून थो बोलत नाई. मले येते.”

मला ते वाक्य लहानपणी बिनतोड वाटायचं. आता वाटतं, गांधीजींच्या बोलण्यात पणजोबांची बोच होती, आणि आबाजींना ती ओळखू आली म्हणून ते गप्प परतले. भुकेल्याच्या हातात भाकरी आणि पुस्तक एकदम ठेवलं, तर त्यानं कशाला हात घातला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिलेल्या लुई फिशर या अमेरिकन पत्रकारानं लिहून ठेवलंय, की बापूंच्या कुटीत भिंतीवर एकच चित्र होतं, आणि ते येशूचं होतं. आबाजींना हे मी सांगितलं तेव्हा ते ऐंशीला टेकले नव्हते पण थकले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी मांगं उभा होतो. आत गेलो नाई.”

मगनवाडीत आणखी एक ख्रिस्ती माणूस होता. जे. सी. कुमारप्पा, तंजावरचे, विलायतेत हिशेबतपासनीस झालेले, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी उभं केलं. तुरुंगात असताना येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. पुढं काही काळ आमच्या त्याच नागपूर रस्त्यावर, सेलडोहला, आश्रम करून राहिले. त्यांनाही हाक आलीच होती म्हणायची, पण ते खोक्यावर चढले नाहीत. चर्चमधल्या मोठ्यांनाच त्यांनी सुनावलं, की येशूचं नाव घेता आणि साम्राज्याच्या बाजूनं कसे उभे राहता? आबाजींना ते आवडत नसत. “ख्रिस्ती मानूस अन् ख्रिस्ताचं नाव बाजारात घेत नाई,” असं त्यांचं म्हणणं. आजी मगनवाडीतून घाण्याचं तेल आणी. बाटलीचं बूच काढून वास घेई आणि आबाजींना ऐकू जाईल असं म्हणे, “हा उपदेश मले समजते.”

१९५४ साली मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी अध्यक्ष. लांबलचक प्रश्नावल्या फिरल्या, उपदेशकांच्या घरी विचारपूस झाली. किती लोक ख्रिस्ती केले, कशाच्या जोरावर केले. आबाजींकडे एक वही होती. अठरा वर्षांत बाप्तिस्म्यापर्यंत पोचलेली माणसं तिच्यात लिहिलेली, आणि ती सगळी मिळून एका पानावर मावत होती. आजी म्हणे, “येवढ्यासाठी येवढ्या वहाना.” १९५६ मध्ये समितीचा अहवाल आला. धर्मांतरावर कडक. आणि त्याच वर्षी दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः न्यायमूर्ती नियोगी होते. इतिहास असं काही करतो तेव्हा ललित लिहिणाऱ्यानं त्यात भर घालू नये.

त्या दसऱ्याच्या आधी दोन दिवस आबाजी सेलूच्या रस्त्यावर होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं नागपूरकडे चाललेली. बंड्यांतून, सायकलींवर, पायी, कडेवर लेकरं, डोक्यावर शिदोरी. ज्या वस्त्यांत आबाजी वीस वर्षं गेले, त्याच वस्त्या. बरेच ओळखीचे. कोणी म्हणालं, “चला ना मास्तर.” एव्हाना आबाजीही मास्तर झाले होते. ते कडेच्या लिंबाखाली बसले, आणि विहिरीवरून पाणी काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला देत राहिले. रात्री घरी येऊन आजीला म्हणाले, “वीस वर्सं मी हाका मारल्या. यायले एका हाकेत ऐकू आलं.” आजी सांगत होती, ते रडले नाहीत, चिडलेही नाहीत. जेवले. दुसऱ्या दिवशी थैली घेऊन निघाले.

आमच्या घरात पुढल्या पिढीत पाचारण कोणाला होणार, याची मात्र वाट पाहिली गेली. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरचे तरुण पाळक व्हायला तिथं येत. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीला गेली. काकांना तिकडं पाठवलं होतं. देवळी, मग वर्धा नदी, ती ओलांडली की वऱ्हाड. नदी म्हणजे जुनी सरहद्दच. आबाजी तिला यार्देन म्हणत. काका यार्देन ओलांडून गेले आणि दिवाळीआधी परतले. आईची आठवण येते म्हणाले. आजीनं काही न बोलता ताट वाढलं. पुढं ते रेल्वेत लागले, छान गाणं म्हणत.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या कॅथीड्रलमध्ये सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आबाजी गेले होते. फ्री चर्च, युनायटेड फ्री, चर्च ऑफ स्कॉटलंड, मग युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, आता हे. आमच्या घराण्यानं पाच चर्चं पाहिली, बाक तोच.

मी सतरा वर्षांची असताना यवतमाळला तरुणांच्या शिबिराला गेले. शेवटच्या रात्री वक्ते म्हणाले, ज्यांना पाचारण झालंय त्यांनी उभं राहावं. पेटी हळू वाजत होती. शेजारची मुलगी उभी राहिली. मीही राहिले. घरी आल्यावर धडधडत्या छातीनं सांगितलं. आबाजींचे डोळे भरले. आजीनं तव्यावरची भाकरी उलटवली.

“नाव घेऊन बोलावलं का?”

“नाही.”

“काई कराले सांगतलं?”

“नाही गं.”

“मंग बस. जेव.”

मी जेवले. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. आमच्याकडे तेव्हा पुलपिटवर बाई कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे आजीनं मला अडवलं की वाचवलं, हा हिशेब मी मांडला नाही. आबाजी गेले, मग ती गेली. तिच्या ट्रंकेत आबाजींच्या वहाणांचे झिजलेले अंगठे निघाले. का ठेवले होते, देव जाणे. जुनं चामडं टाकवत नसेल.

गेल्या वर्षी ऑगस्टातला रविवार. तीन दिवस पाऊस. मी चर्चला पोचले तर वीज गेलेली आणि बाहेर वडीलमंडळी छत्र्या घेऊन फोनवर. पाळकांकडे दोन-तीन मंडळ्या असतात, सकाळी ते एका गावची उपासना उरकून इकडे येणार होते. यशोदा नदीला पूर, पूल पाण्याखाली. वडिलांपैकी एक जण माझ्याकडे आले.

“ताई, तुम्ही बोलता का आज?”

“मी? मी काय बोलू?”

“शाळेत पस्तीस वर्षं बोललात ना. शमुवेलाचं बोला. लोक बसलेत.”

पुढं गेले. पायऱ्या तीनच आहेत, पण त्या मला त्या दिवशी कळल्या. आत अंधार, खिडक्यांना पावसाचं पाणी, बाकांवर पन्नासेक चेहरे अर्धे दिसताहेत. शास्त्रपाठ काढला तर अक्षर लागेना. कोणीतरी आपल्या नातवाला पुढं ढकललं. तेरा-चौदाचं पोर. त्यानं मोबाइलचा उजेड पानावर धरला. मी वाचायला लागले. पोर मंदिरात झोपलंय, म्हाताऱ्याला दिसत नाहीये, देवाचा दिवा अजून विझलेला नाही. वाचता वाचता मी पाहिलं, त्याचा हात दुखायला लागला होता. त्यानं मोबाइल डाव्या हातात घेतला, उजवा झटकला, आणि माझ्या कानाशी वाकून कुजबुजला,

“आजी, लवकर. बॅटरी बाराच टक्के आहे.”